पदोन्नती नाकारणाऱ्यांची लीग

माझ्या सर्व्हिस बुकात दोन कागद असे लागलेत की त्यांच्यावरून घरात वीस वर्षं टोमणे खाल्ले. दोन्हींवर मजकूर एकच. "कौटुंबिक अडचणीमुळे सदर पदोन्नती मी स्वेच्छेने नाकारत आहे." खाली सही, हुद्दा वाहतूक नियंत्रक, आगार परभणी. पहिला कागद २००४ चा, तेव्हा उमरग्याला जायचं होतं. दुसरा २०११ चा, तेव्हा पाटोदा. उमरगा म्हणजे परभणीहून दोनशेच्या पुढं किलोमीटर. घरी आई अंथरुणाला खिळलेली, लेक नववीत. नाही गेलो. २०१९ ला ज्या कंट्रोल केबिनमध्ये शिट्टी गळ्यात अडकवून बसलो होतो, तिथूनच रिटायर झालो. माझ्यामागून लागलेली पोरं साहेब होऊन गेली, आणि आमच्या हिनं प्रत्येकाच्या पेढ्याचा हिशोब ठेवला.

हे सगळं फुटबॉलच्या पोस्टीत कशाला, असं वाटत असेल तर जरा थांबा.

लेक इंग्लंडात डरहॅमला नर्स आहे. दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात नातवाच्या बाळंतपणाला आम्ही दोघं तिकडं पाच महिने होतो. बाळंतपणात माझं काम काय? खिडकीत बसायचं. खिडकीसमोर बस थांबा. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं वहीत सगळ्या फेऱ्यांच्या वेळा होत्या आणि कोणती गाडी किती मिनिटं लेट, याची नोंद. लेक म्हणाली, "पप्पा, तुम्ही रिटायर झालाव ना? मग कंट्रोल करायचं सोडा की आता."

त्या थांब्यावरच शेजारचा म्हातारा भेटला. तोही बस ड्रायव्हर, तीस वर्षं चालवून घरी बसलेला. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळायचं आणि माझं त्याला पाव. त्या भागातली बोलीच वेगळी, लेकीला दवाखान्यात चार वर्षं काढूनही सगळी कळत नाही. पण ड्रायव्हरला कंट्रोलरचं बोलणं समजायला भाषा लागत नाही. वही बघून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. शनिवारी दुपारी त्यानं दार वाजवलं. मॅचला चल म्हणाला. मला वाटलं न्यूकॅसल. मोठं स्टेडियम, टीव्हीवरचं. तर यानं गाडी उलट्या दिशेला घातली, आणि वीसेक किलोमीटरवर, म्हणजे परभणीहून जिंतूरची वाट निम्मी सरल्यावर यावं तेवढ्यावर, एका खेड्यात आणून उभी केली. वेस्ट ऑकलंड. कोळशाच्या खाणींचं गाव, आता खाणी बंद.

गेटवर एक बाई टेबल मांडून. तिकीट काढलं तर मला सवलत मिळाली, कारण साठीच्या पुढचा म्हणून तिथं मी ज्येष्ठ. आपल्या एसटीत अर्ध्या तिकिटाला पासष्ट लागतात. परदेशात जाऊन माणूस पाच वर्षं आधीच म्हातारा होतो, हे पासपोर्टवर कुणी लिहीत नाही.

मैदान म्हणजे चारी बाजूंनी लोखंडी पाइपचं कठडं, एका अंगाला पत्र्याची शेड, तिच्यात थोड्या खुर्च्या. बाकी सगळे कठड्याला टेकून उभे. मी मोजले, सवयच ती. साडेतीनशेच्या आत-बाहेर माणसं आणि सात कुत्री. कुत्र्यांना तिकीट नव्हतं. चहाची टपरी होती, तिथं चहासोबत मटणाच्या रशासारखं एक गरम पेय कपात मिळतं. मी ते हिच्यापासून लपवून प्यालो. ज्या माणसानं दुपारी मैदानावरच्या रेषा मारल्या, तोच मध्यंतरात सोडतीची तिकिटं विकत होता आणि मॅच संपल्यावर गोलपोस्टची जाळी गुंडाळत होता. कुणालाच पगार नाही. खेळाडूंना सामन्यामागं थोडेफार पैसे मिळतात. पण ते पोटापाण्याला दुसरं काम करतात. त्या दिवशीचा गोलकीपर वायरमन होता, हे म्हाताऱ्यानं खांबाकडं बोट दाखवून, हातवारे करून सांगितलं.

घरी येऊन मी विचारलं की ही स्पर्धा नेमकी कोणती? हे गाव कुणाशी खेळतं आणि का? त्यावर त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला जी आकृती काढली, ती बघून मी म्हटलं, अरे, हे तर आमचं महामंडळ आहे.

बघा. सगळ्यात वर प्रीमियर लीग, वीस क्लब. तिच्याखाली चोवीस-चोवीसच्या तीन पायऱ्या. हे झाले ब्याण्णव. टीव्हीवर येतं ते इथपर्यंत. आपल्याला वाटतं फुटबॉल इथं संपलं. पण ब्याण्णवाच्या खाली पाचवी पायरी आहे, नॅशनल लीग, तीही अख्ख्या देशाची. आणि तिथून खाली फांद्या फुटायला लागतात. सहाव्या पायरीवर दोन गट, उत्तर आणि दक्षिण. सातवीवर चार. आठवीवर आठ. नववीवर सोळा. जसजसं खाली, तसतसा नकाशा बारीक. आमच्याकडं मुंबईचं मध्यवर्ती कार्यालय, मग प्रदेश, मग ३१ विभाग, मग अडीचशे आगारं, तसंच. वेस्ट ऑकलंड त्या नवव्या पायरीवरच्या सोळांपैकी एका गटात. त्याचं नाव नॉर्दर्न लीग, पहिला विभाग. दुसरा विभाग दहाव्या पायरीवर. ही लीग १८८९ साली सुरू झाली. त्याच्या एकच वर्ष आधी जगातली पहिली फुटबॉल लीग निघाली होती. म्हणजे आज चालू असलेल्यांत ही जगात दुसरी जुनी. परभणीच्या रेल्वे स्टेशनवर अजून निजामाचाही रूळ पडला नव्हता, तेव्हापासून ही खेड्यापाड्यातली माणसं टेबल लावून गुण लिहितायत.

या नवव्या पायरीवरून वर जायचा नियम साधा आहे. हंगामाअखेर पहिला आलेला क्लब थेट वरच्या पायरीवर. दुसऱ्या ते पाचव्यांत आपसात प्लेऑफ, जिंकेल तो वर. तळाचे खाली. कागदावर बघितलं तर या गावातल्या कठड्यापासून प्रीमियर लीगपर्यंत रस्ता सरळ आहे, मध्ये आठ बढत्या.

पण गट पाडतात ते कशावरून, तर किलोमीटरवरून. मला हेच सगळ्यात आवडलं. नवव्या पायरीच्या क्लबाकडं पैसा किती, तर गेटवरची वसुली, बारमधली विक्री, सोडत, आणि गावातल्या एखाद्या खाटकाची किंवा गॅरेजवाल्याची पाटी. खेळाडू दिवसा कामावर. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री सामना असला तर वायरमन चारला सुटून साडेसातला मैदानात हजर पाहिजे, आणि रात्री घरी येऊन सकाळी पुन्हा खांबावर. म्हणून शेजारची गावं शेजाऱ्यांशीच खेळतात. एक-दोन पायऱ्या वर गेलं की नकाशा मोठा होतो, बस भाड्यानं घ्यावी लागते, लिव्हरपूलकडं एक फेरी म्हणजे एका बाजूनंच दोनशेच्या वर किलोमीटर. बढती मिळते, पण सोबत बदलीही येते.

आणि मग म्हातारा म्हणाला की इथले कितीतरी क्लब पहिले यायचे आणि वर जात नसत. लिहून द्यायचे, नको म्हणून.

मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

गोष्ट खरी आहे, मी नंतर वाचून काढली. १९६८ साली उत्तरेकडं एक नवी वरची लीग निघाली, नॉर्दर्न प्रीमियर लीग. नॉर्दर्न लीगवाल्यांनी तोंड फिरवलं. आमचं जुनं घर आहे, आम्ही कुणाच्या हाताखालची पायरी होणार नाही. पुढं शिडी आकाराला येत गेली तरी हे बाहेरच. शेवटी १९९१ ला आत आले. तोवर बाकीचे पुढं निघून गेले होते. आत आल्यावरही क्लब वर जायला राजी नसायचे, कारण तेच, डिझेल आणि सुट्टी. कुणी याला आडमुठेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही, मला अधिकारच नाही.

आता यातली गंमत ऐका. इंग्लंडात नवव्या-दहाव्या पायरीच्या क्लबांसाठी एक वेगळी बाद स्पर्धा असते, एफए व्हास. एफए म्हणजे तिकडची फुटबॉल संघटना. हिची फायनल वेम्बलीला होते, त्याच मोठ्या मैदानावर. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत ही ट्रॉफी आठ वेळा एकट्या नॉर्दर्न लीगच्या क्लबांनी नेली. व्हिटली बेनं तर २००९, २०१०, २०११ अशी लागोपाठ तीनदा. मग डन्स्टन, स्पेनीमूर, नॉर्थ शील्ड्स, मॉर्पेथ, साउथ शील्ड्स. देशभरातल्या शेकडो क्लबांत एकाच कोपऱ्यातले क्लब जिंकायलेत, हे कसं? म्हातारा म्हणाला, सोपं आहे, वर जायच्या लायकीचे सगळे खालीच बसले होते ना! मला पटलं. आमच्या आगारात असे दोन वाहक होते. बढतीचं नाव काढलं की आजारी पडायचे. पण त्यांच्यासारखं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, अख्ख्या विभागात कुणी लिहीत नव्हतं, आणि गर्दीतल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत तिकिटं फाडून ते वेळेत बसायचे. साहेब लोक त्यांच्याकडून शिकून साहेब झाले.

सगळेच तसे राहिले नाहीत म्हणा. साउथ शील्ड्सनं २०१७ ला व्हास आणि लीग दोन्ही जिंकून जी पावलं उचलली, ते २०२३ ला सहाव्या पायरीवर पोचले. पैसेवाला मालक, भरपूर प्रेक्षक. जमतं ज्याला त्यानं जावं.

वेस्ट ऑकलंडच्या मध्यभागी मोठी हिरवळ आहे, आपल्याकडं गावात पटांगण असतं तशी. तिथं एक पुतळा आहे, खाणकामगार आणि फुटबॉलपटूचा. म्हातारा मला मुद्दाम तिथं घेऊन गेला. १९०९ साली सर थॉमस लिप्टन, हो, तेच चहावाले, यांनी इटलीत तुरीनला एक स्पर्धा ठेवली. देशोदेशीचे संघ बोलावले. इंग्लंडकडून गेले ते या गावचे खाणकामगार. का तेच गेले, यावर तिकडं वेगवेगळ्या कथा आहेत, त्यात मी पडत नाही. स्वतःच्या खर्चानं गेले आणि जिंकून आले. १९११ ला पुन्हा गेले. फायनलला समोर युव्हेंटस. निकाल सहा-एक, खाणकामगारांच्या बाजूनं. दोनदा जिंकले म्हणून ट्रॉफी कायमची त्यांची झाली. पण प्रवासखर्चानं क्लब असा बुडाला की ती ट्रॉफी गावातल्या हॉटेलवालीकडं चाळीस पौंडांना गहाण पडली. सोडवून आणायला १९६० उजाडलं, तेही शंभर पौंड देऊन. पुढं १९९४ ला ती चोरीला गेली. आता आहे ती नक्कल.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्या गावातून आलेला माणूस मी. जगजेतेपद गहाण टाकलेलं गाव बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला आमची म्हण समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं विचारलं, परभणीत नेमकं काय आहे? मी म्हटलं, ते आम्हालाही अजून ठरवायचंय.

शेजारीच बिशप ऑकलंड. एका काळी हौशी फुटबॉलमधला तो सगळ्यात मोठा क्लब, देशाचा हौशी चषक दहा वेळा जिंकलेला. १९५४ च्या फायनलला समोर क्रुक टाउन, तोही चार पावलांवरचा. वेम्बलीत लाखभर माणसं जमली होती, या दोन शेजारी गावांची झुंज बघायला. बरोबरी. दुसरा सामना, पुन्हा बरोबरी. तिसऱ्यात क्रुकनं एक-शून्यनं मारलं. आणि १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडची टीम गेली, तेव्हा बिशप ऑकलंडमधून तीन खेळाडू मदतीला गेले, हार्डिस्टी, लेविन आणि ब्रॅडली. ब्रॅडली पेशानं शाळामास्तर. पुढं तो युनायटेडच्या मुख्य संघात खेळला आणि इंग्लंडकडूनही. डेप्युटेशनवर गेला आणि तिकडंच कायम झाला, असं आमच्या भाषेत.

वर जाणं नुसतं गुणांवर नसतं, हे डार्लिंग्टनवरून कळतं. हा मुळात ब्याण्णवातला क्लब. एका मालकानं २००३ ला त्यांच्यासाठी पंचवीस हजारांचं स्टेडियम बांधलं. माणसं यायची दोन-तीन हजार. ते ओझं पेलता-पेलता २०१२ ला क्लब कोलमडला आणि त्याला थेट नवव्या पायरीवर, नॉर्दर्न लीगमध्ये उभं केलं. प्रेक्षकांनी वर्गणी काढून क्लब हातात घेतला. चार हंगामांत तीन बढत्या मिळवून २०१६ ला सहाव्या पायरीवर पोचले. पुढच्याच वर्षी पाचवे आले, प्लेऑफ खेळायला पात्र. पण खेळू दिलं नाही. कारण नव्या छोट्या मैदानात नियमाएवढ्या खुर्च्या नव्हत्या. पंचवीस हजार खुर्च्यांनी बुडालेला क्लब दोन-तीनशे खुर्च्या कमी पडल्या म्हणून अडला! प्रत्येक पायरीला मैदानाची प्रतवारी ठरलेली असते, फ्लडलाइट कसे, शेड केवढी, खुर्च्या किती. तपासायला माणूस येतो. आमच्याकडं गाडीच्या पासिंगला आरटीओत नेतात तसं. इंजिन फर्स्टक्लास असलं तरी वायपर बंद असेल तर गाडी परत.

आणखी एक प्रकार मला फार जवळचा वाटला. एखाद्या वर्षी एका बाजूचे क्लब जास्त वर आले की गट वाकडे होतात. एकीकडं चोवीस, दुसरीकडं अठरा. मग एफए सीमेवरचा एखादा क्लब उचलते आणि बाजूच्या गटात टाकते. ना वर, ना खाली. आडवा. त्याची चूक काही नसते, त्याचं गाव फक्त नकाशाच्या कडेला असतं. मी म्हाताऱ्याला म्हटलं, याला आमच्यात प्रशासकीय बदली म्हणतात. क्लब अपीलही करतात. मंजूर किती होतात विचारलं, तर तो फक्त हसला. ते हसू आमच्या युनियनच्या सेक्रेटरीचं होतं, हुबेहूब.

मार्चमध्ये परतायच्या आधीच्या शनिवारी सामना बरोबरीत सुटला. थंडी अशी की चहाचा कप सोडवत नव्हता. टपरीमागं उभा राहून मी त्याला त्या दोन कागदांचं सांगितलं. उमरगा, पाटोदा, आई, लेकीची नववी. मोडकंतोडकं सांगितलं, पण सांगितलं. मला वाटलं काहीतरी शहाणपणाचं बोलेल. त्यानं विचारलं, किती किलोमीटर? मी म्हटलं, उमरगा दोनशेवीस. त्यानं तोंडातल्या तोंडात हिशोब केला आणि म्हणाला, एका बाजूनं? मी म्हटलं, एका बाजूनं. त्यानं मान हलवली. "नाहीच जायचं." बस.

ही माझ्यामागंच उभी होती, शाल गुंडाळून. तिला इंग्रजी येत नाही. तरी तिला सगळं कळलं असावं, कारण गाडीत म्हणाली, "म्हाताऱ्याच्या बायकोनं बी पेढे मोजले असतील, विचारा की त्याला."

परत आल्यापासून आपल्याकडची रचना बघतो. २०२३ ला चौथी पायरी निघाली तेव्हा वर आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग टू आणि आय-लीग थ्री, अशी नावं होती. कागदावर आपलीही शिडी झालीय. पण तिची खालची पायरी परभणीच्या पोरापासून लांब आहे. आमच्या क्रीडा संकुलात रोज संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं खेळतात, त्यातला एक डावखुरा तर असा आहे की वायरमनला चारदा चकवेल. त्याला नियमित लीग खेळायची तर मुंबई किंवा पुणे, म्हणजे रेल्वेत रात्र आणि तिकडं खोलीचं भाडं. त्यापेक्षा परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा, पाथरी यांचीच एक लीग का नसावी? प्रत्येक गाव परभणीपासून तासा-दीड तासावर. मी वेळापत्रकही काढून ठेवलंय. सात संघ, घरचा-बाहेरचा मिळून बेचाळीस सामने, आणि सगळे एसटीच्या चालू फेऱ्यांवर बसवलेत, मुक्काम कुठंच पडत नाही. फक्त पाथरीची शेवटची गाडी आणि सामना सुटायची वेळ जुळत नाही. तेवढं बसलं की संकुलातल्या सरांना दाखवणार आहे.

हिवाळ्यात दर शनिवारी रात्री साडेआठला फोन उघडतो, तिकडचे दुपारचे तीन. मागच्या शनिवारी वेस्ट ऑकलंडचा घरचा सामना होता. उघडलं तर सामना रद्द, मैदानात पाणी साचलेलं. म्हाताऱ्याचा लेकीच्या फोनवरून निरोप, दुपारभर खराट्यानं पाणी काढत होतो, उपयोग झाला नाही. उत्तर टाइप करत होतो तेवढ्यात आमच्या गल्लीत नळ आले. फोन खाटेवर टाकला आणि घागरी घेऊन पळालो.